विरोधी पक्षाची लेक

गल्लीत तिला सगळे 'विरोधी पक्ष' म्हणायचे. तोंडावर नाही, एवढी कोणाची छाती होती? पाठीमागे म्हणायचे, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, आज फार उकडतंय, की ती म्हणणार, छे, कालच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. तुम्ही म्हणालात, आज जरा बरं आहे हं, की ती कपाळ पुसत म्हणणार, बरं कसलं, जीव चाललाय नुसता. जन्मली तेव्हा दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, ही मुलगी रडत कशी नाही, आणि त्याच क्षणी हिने जो टाहो फोडला तो थांबायचं नाव घेईना. हे तिची आईच सांगायची, म्हणजे खोटं असायचं कारण नाही.

पण भांडकुदळ म्हणाल तर ती नव्हती. भांडणाऱ्या माणसाच्या मनात डूख असतो, हिच्या मनात कधी काही राहिलं नाही. समोरचा गप्प झाला की हीच त्याला चहा विचारायची. तिचं दुखणं वेगळंच होतं. चारचौघं एका सुरात बोलायला लागली की हिचा जीव कासावीस व्हायचा. दुसऱ्या बाजूने कोणीतरी बोललंच पाहिजे, आणि कोणी बोलत नसेल तर मी आहेच, असा तिचा बाणा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या बोगद्यात, तारा आणि कप्प्यांच्या सोबतीत त्याचा दिवस जायचा. मुळात मितभाषी, त्यात हे काम. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने ओळखलं की इथे वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "तू म्हणशील तसं." तर ती त्यावरही उखडायची. "म्हणजे काय? तुमचं स्वतःचं काही मत नाही?" बिचाऱ्याला इकडे आड तिकडे विहीर. पण संसार मात्र सुखाचा झाला, हेही सांगून टाकतो.

ती मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कामाला होती. पुढे काउंटर, मागे धुलाईची मशिनं, आणि मधे वाफेच्या इस्त्रीचं टेबल. टेबलाखाली पायाने दाबायची पट्टी. ती दाबली की टेबल वाफ खाली ओढून घ्यायचं आणि कापड जागच्या जागी कोरडं व्हायचं. शर्ट हातात आला की आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, मग बाह्या, आणि अंग सगळ्यात शेवटी. मनगटावर जुन्या चटक्यांच्या खुणा होत्या. सकाळी इस्त्री, दुपारनंतर काउंटर, आणि काउंटरवर तर तिचंच राज्य.

लाँड्रीच्या धंद्यात एक भांडण रोजचं. कपडा न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, हा डाग तुमच्याकडे पडला. दुकान म्हणतं, आधीपासून होता. हिची रीत उलटी. कपडा घेतानाच तो उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "हा तेलाचा डाग पुरता जाणार नाही. खिशाची शिवण उसवलीय. आणि खरं सांगू का, हा रंग आमच्याकडे आणखी थोडा विटेल. आता बघा, द्यायचा का नाही ते." मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. आपल्याच दुकानाविरुद्ध बोलणारी बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण गंमत अशी, की गिऱ्हाईक कपडा देऊनच जायचं आणि परत भांडायला कधी यायचं नाही. "डाग आपणच आधी दाखवावा," ती मालकाला सांगायची. "समोरच्याने दाखवला की तो दुप्पट मोठा होतो."

तिच्या हातची इस्त्री बघून एकदा दुसऱ्या शहरातल्या एका बड्या हॉटेलाने तिला बोलावलं. तिथल्या धुलाईखात्याची सगळी जबाबदारी, हाताखाली माणसं, राहायला जागा. लेक तेव्हा शाळेत होती, शाळा चांगली मिळाली होती. नवऱ्याचं कामही इथलंच. ती गेली नाही. गल्लीतल्या बायका हळहळल्या, "लेकीसाठी केवढं सोडलं हो हिने." की लगेच विरोधी पक्ष उठला. "सोडलं-बिडलं काही नाही. तिथली वाफ मला मानवली नसती."

आता वाफेचं कसलं आलंय मानवणं? वाफ इथून तिथून सारखीच. पण एकदा बोलली ते बोलली. पुढे कोणीही तिचं कौतुक करो, ती ते हाणून पाडायची. आणि खोटं कशाला बोला, कौतुक करणारा खरोखरच गप्प बसला की मनातून खट्टू व्हायची. तिला वाटायचं, अहो, आणखी एकदा म्हणा की. मी नाही म्हणतेय म्हणून काय झालं?

अशा बाईच्या पोटी लेक आली ती घुमी. हाक मारायचं नावच पडलं, घुमी. विचारलं तर हो किंवा नाही, त्यापुढे तिसरा शब्द नाही. "त्या घरात बोलायला जागा शिल्लक आहे कुठे," असं शेजारीण म्हणायची, आणि त्यात तथ्य होतं. जेवताना आई बोलायची, बाप मान हलवायचा, आणि घुमी दोघांकडे आळीपाळीने बघत घास गिळायची. आईचा जीव तुटायचा. "बोल की गं काहीतरी. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात." बाप म्हणायचा, "असू दे. घरात ऐकायलाही कोणीतरी पाहिजे." तो तरी काय, स्वतःची सोबत शोधत होता.

घुमी विद्यापीठात गेली. दुसऱ्या वर्षी एक दिवस कपाटात हँगर शोधताना आईला मागे दडवलेला एक पितळी चषक सापडला. त्यावर कोरलं होतं, वादविवाद स्पर्धा, उत्कृष्ट वक्ता.

"हा कोणाचा गं?"

"माझा."

"तुझा? बोलण्याचा?"

"हो."

"आणि घरात सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ऐकायला आली असतीस."

"मग?"

"मग मधेच बोलली असतीस."

तिने चषक हातात घेतला, काळवंडलेल्या कडेकडे बघितलं आणि तो घासायला बसली. घासता घासता मात्र चेहरा असा फुलला होता, की नवऱ्याने आल्या आल्या विचारलं, "आज काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली, आणि चषक त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वादविवाद मंडळात कोणाचा तरी जोडीदार आजारी पडला होता, हिला ढकलून उभी केली होती, आणि ही जी बोलायला लागली ती सगळे बघतच राहिले. एवढी वर्षं पोटात साठलेलं बोलणं होतं ते. आता तिचा कायमचा जोडीदार एक चष्मेवाला मुलगा होता. तो भराभर मुद्दे काढायचा आणि ती ते लावून धरायची.

त्या वादविवादाची रीत न्यारीच. विषय ऐनवेळी सांगतात, तयारीला जेमतेम पाव तास. दोघादोघांच्या चार जोड्या, दोन बाजूने, दोन विरुद्ध. कोणाची कोणती बाजू ते चिठ्ठीने ठरतं. तुम्हाला मनापासून काय वाटतं ते कुत्रंही विचारत नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं. प्रत्येकाला बोलायला सात मिनिटं, आणि बोलणं चालू असताना समोरचा कोणीही मधेच उठून उभा राहू शकतो. तोंडाने काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. त्याचा अर्थ, मला प्रश्न विचारायचाय. बोलणाऱ्याला वाटलं तर त्याने प्रश्न घ्यावा, नाही तर हाताने खूण करून खाली बसवावं. बसवलं की बसायचं, रुसायचं नाही.

"चिठ्ठीने?" आईने विचारलं. "म्हणजे तुला पटतं का नाही याच्याशी कोणाला काही देणंघेणंच नाही?"

"नाही."

"अरे वा. म्हणजे माझ्यासारख्यांचीही शाळा असते म्हणायची."

तेव्हापासून त्या घरात संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशी फड रंगायला लागला. आई कपड्यांना इस्त्री करायची, घुमी समोर उभी राहून बोलायची. घुमी जी बाजू घेईल तिच्या विरुद्ध आई. त्यात तिला वेगळं काही करावं लागत नव्हतं म्हणा. घुमी कधी हरायची, कधी जिंकत आली की आई म्हणायची, "थांब, दूध उतू जातंय." दूध बापाने कधीच उतरवून ठेवलेलं असायचं.

विद्यापीठांची ती जागतिक स्पर्धा दरवर्षी वेगवेगळ्या देशात भरते. त्या वर्षी ती नेमकी त्यांच्याच शहरात भरली. रस्त्यांवर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण पोरं दिसायला लागली. चालताना वाद, बसथांब्यावर वाद, हॉटेलात खुर्ची ओढतानाही वाद. आणि एवढ्या लांबून बॅगांत कोंबून आणलेले त्यांचे कोट आणि शर्ट इस्त्रीला येणार कुठे? कोपऱ्यावरच्या लाँड्रीत. मालक हात चोळत म्हणाला, "शत्रूचं सैन्य तुझ्या हातात सापडलंय बघ. एखाद्याची कॉलर जरा जास्तच कडक कर. मान वळायला नको."

"मुळीच नाही," ती म्हणाली. "माझी लेक कोणाला हरवणार असेल, तर तो नीट कपड्यात असला पाहिजे. चुरगळलेल्या माणसाला हरवण्यात काय मोठेपणा?" आणि तिने प्रत्येक कोटाच्या खांद्यावरून असा हात फिरवला की पोरं आरशात बघून खूश होऊन गेली. काउंटरवर ती सगळ्यांना विचारायची, "तुमच्याकडे घरी कोण वाद घालतं?" बहुतेकजण म्हणायचे, आई.

एकेक फेरी होत गेली. दूरदूरच्या नामांकित विद्यापीठांच्या जोड्या घरी गेल्या, आणि घुमी व चष्मेवाला मात्र वर वर सरकत थेट अंतिम फेरीत. गल्ली चळायचीच बाकी होती. कालपर्यंत जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, तिच्याबद्दल जो तो म्हणायला लागला, मी आधीच सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली, "तुझ्या मेहनतीचं चीज झालं हो." विरोधी पक्ष म्हणाला, "माझी कसली मेहनत, पोरीची आहे." पण त्या दिवशी ती आवाजात जोर आणायला विसरली.

अंतिम फेरीला आईला यायचं होतं. घुमीने अट घातली. "तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी."

"नाही उघडणार."

"शपथ घे."

"एकदा सांगितलं ना. मी काय लहान आहे?"

मालकानेही दुकान लवकर बंद करायचं ठरवलं. तो मोबाइलवर मागच्या वर्षीची अंतिम फेरी बघून आला होता. "जिंकलेला पोरगा माइकवर गेला आणि आईचे आभार मानताना रडायलाच लागला," तो म्हणाला. "सगळं सभागृह रडलं."

"रडायचं काय त्यात," ती म्हणाली. पण घरी गेल्यावर तिने आपला ठेवणीतला पोशाख काढला, इस्त्री केली, हँगरला लावला, आणि मग परत काढून पुन्हा एकदा इस्त्री केली. तिला जे हवं होतं ते एवढंच होतं. लेकीने जिंकावं, आणि एवढ्या लोकांसमोर एकदा म्हणावं, की मी इथवर आले ती आईमुळे. एकदाच. आणि त्या वेळी आपण गप्प बसायचं, खोडून काढायचं नाही, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सभागृह गच्च भरलं होतं. लाकडी पायऱ्यांसारख्या वर चढत गेलेल्या खुर्च्या, खाली मधोमध बोलायची जागा, तिच्या दोन्ही अंगांना चार जोड्यांची टेबलं. नवरा एका बाजूला, मालक दुसऱ्या बाजूला, आणि मधे ती. पडद्यावर विषय उमटला. नवऱ्याने हळू आवाजात वाचला. "आईवडिलांच्या त्यागाचे गोडवे गाणं आपण थांबवावं."

"घुमीची कोणती बाजू आली?"

तो जरा घुटमळला. "बाजूने."

"म्हणजे गोडवे थांबवावे, असं ती बोलणार?"

"हो."

तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जिंकायचं तर लेकीला याच तोंडाने सगळ्यांना पटवायला हवं, की आईच्या त्यागाचं कौतुक करू नका. आणि पटवून जिंकल्यावर परत माइकवर जाऊन आईचे आभार कुठल्या तोंडाने मानणार? एक हवं तर दुसरं सोडायचं. तिने हातातला रुमाल घट्ट आवळला आणि मनात म्हणाली, जिंक बाई तू. माझं राहू दे. मग स्वतःशीच चिडली, कारण हे म्हणणंही त्यागच झाला.

विरुद्ध बाजूने दूरच्या देशातली एक उंच मुलगी बोलली. तिच्या अंगातला करडा कोट हिने ओळखला, परवाच तो हिच्या हाताखालून गेला होता. मुलगी म्हणाली, "ज्यांना पद नाही, पगार नाही, ज्यांचं नाव कुठे लागत नाही, त्यांच्या वाट्याला कौतुकाशिवाय दुसरं येतं काय? तुम्ही तेवढंही काढून घेणार?" सभागृहात टाळ्या झाल्या. आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोणाच्या? विरोधी पक्षाच्या. नवऱ्याने कोपर मारलं तेव्हा ती भानावर आली. लेकीच्या विरुद्ध टाळ्या पिटत बसली होती ती.

मग घुमी उठली. टेबलावरचे कागद तिथेच ठेवले आणि मोकळ्या हाताने पुढे आली. "आमच्या बाजूचं कच्चं काय आहे ते मीच आधी सांगते," ती म्हणाली. "कौतुक थांबवा म्हणणं कानाला कृतघ्नपणा वाटतं. मलाही तसंच वाटलं. तरीही मी ही बाजू मांडणार आहे."

"बघितलं?" आई कुजबुजली. "डाग आधी दाखवला."

"शू," नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला गप्प केलं असेल.

घुमी बोलत होती आणि आई बघत होती. ही कोण? जिच्या तोंडून जेवताना मीठ हवंय एवढंही निघत नव्हतं, ती हीच का? आवाज चढवत नव्हती, हातवारे नव्हते. एकेक मुद्दा घडी घालून ठेवल्यासारखा ठेवत होती. ती म्हणाली, ज्या घरात आईला फार थोर म्हणतात, त्या घरात आईला दमले म्हणायची सोय राहत नाही. ती म्हणाली, शब्द स्वस्त असतात आणि मदत महाग, म्हणून लोक शब्द देतात. सभागृह इतकं शांत होतं की मागे कोणाचं तरी पेन पडलं ते सगळ्यांना ऐकू आलं. आईचा ऊर अभिमानाने भरून आला. आणि तरीही, काय करणार, खोड ती खोड, प्रत्येक वाक्यावर तिच्या जिभेच्या टोकाला उत्तर येत होतं. ते ती एकेक करून गिळत होती.

तेवढ्यात करड्या कोटातली मुलगी उठून उभी राहिली. घुमीने मान हलवली, प्रश्न घेते म्हणून.

"तुम्ही आज इथे उभ्या आहात त्या कोणाच्या त्यागावर?" तिने विचारलं. "आणि त्या माणसासमोर तुम्ही हेच बोलाल?"

घुमी थांबली. नुसती थांबली. ती शांतता आईच्या ओळखीची होती. जेवणाच्या टेबलावरची, शाळेच्या फाटकातली, पाहुण्यांसमोरची. गेली पोर परत आपल्या कोशात, असं तिला वाटलं. ओरडून सांगावं, अगं, त्याग-बिग काही नव्हता, मी आपल्या खुशीने राहिले, सांग तसं तिला. पण शब्द दिला होता तोंड उघडायचं नाही असा. तोंड उघडलं नाहीच तिने. ती उभी राहिली.

वरच्या रांगेत एकटीच ती, ठेवणीतल्या पोशाखात ताठ उभी. त्या सभागृहात उभं राहण्याचा अर्थ एकच. शेकडो माना वळल्या. अध्यक्षबाई घंटीकडे हात नेत होत्या. आणि घुमीने, जशी कोणत्याही प्रतिपक्षाला बसवते तशीच, तळहात खाली करून शांतपणे खूण केली. बसा. बाप, सासू, मालक, कोणालाच जिला कधी गप्प बसवता आलं नव्हतं, ती बाई मुकाट्याने खाली बसली.

"माझी आई लाँड्रीत काम करते," घुमी म्हणाली. "मी शाळेत असताना तिला दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळत होती. ती गेली नाही. म्हणाली, तिथली वाफ मला मानवणार नाही. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. वाफ सगळीकडे सारखीच असते, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण तिचं म्हणणं खरं मानणं माझ्या सोयीचं होतं. शेजारपाजाऱ्यांनी तिचं कौतुक केलं, फार केलं. पण एकाही माणसाने, माझ्यासकट, तिला विचारलं नाही, की तुला जायचंय का. आपण काही जमवूया का. कौतुक केलं की विचारावं लागत नाही. म्हणून म्हणते, गोडवे थांबवा. थांबवलेत, तर कदाचित विचाराल. आणि हो, त्या माणसासमोर मी हेच बोलेन. आत्ता बोललेच आहे."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. आईच्या हातून मात्र टाळी वाजली नाही. तिची वाफेची थाप एवढी वर्षं टिकली होती, ती जगासमोर उघडी पडली होती. लाज वाटली म्हणावं तर लाज नव्हती. कोणीतरी आपल्याला आरपार बघितलंय, आणि ते कोणीतरी आपल्याच पोटचं आहे, हे तिला पेलायला जरा वेळ लागला. शेजारी नवरा खाली मान घालून बसला होता. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

परीक्षक बराच वेळ आत बसले. मग बाहेर येऊन त्यांनी निकाल सांगितला, आणि मालक खुर्चीवर चढून शिट्ट्या मारायला लागला. जगभरातल्या विद्यापीठांतून पहिली आलेली जोडी, घुमी आणि चष्मेवाला. चष्मेवाल्याने माइकवर आपल्या आजीचं नाव घेतलं, ते त्याला शोभलं नाही खरं तर, पण त्याला सगळं माफ. घुमीने जोडीदाराचे आभार मानले, शिकवणाऱ्यांचे मानले, स्पर्धेच्या दिवसांत सभागृह झाडून पुसून ठेवणाऱ्यांचेही मानले. आणि खाली उतरली.

"बरोबर केलं तिने," आई म्हणाली. "आता माझे आभार मानले असते तर सगळं बोलणं खोटं पडलं असतं."

"डोळे पूस," नवरा म्हणाला.

"पुसायला काय झालंय? पंख्याचा वारा लागतोय."

पंखे बंद होते.

संध्याकाळ उतरत असताना तिघं बसथांब्यावर आले. चषक लाँड्रीच्या पिशवीत होता. मालक आणि गल्लीतली मंडळी गुलाल-बिलाल नाही, पण भरपूर आरडाओरडा करून आधीच्या बसने गेली होती. घुमी आईकडे बघत नव्हती.

"आई, मी ते…"

"काही सांगू नकोस. ती तुझी बाजू होती, चिठ्ठीत आलेली."

"मी तुला ओळखूनच खाली बसवलं."

"ते कळलं मला."

"रागावलीस?"

"रागावेन कशाला? हरवलंस तू मला. आजवर कोणाला जमलं नव्हतं ते माझ्या लेकीला जमलं, मी तर गावभर सांगत फिरेन."

आता घुमीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "मग आता विचारते. तुला जायचं होतं का तिथे?"

छे, असं आईच्या ओठांवर आलंसुद्धा. पण ते तिने बाहेर येऊ दिलं नाही.

"जायचं होतं," ती म्हणाली. "फार जायचं होतं. राहिले त्याचं वाईट नाही वाटत, खरंच नाही. वाईट वाटलं ते आज. तू झाडणाऱ्यांचेसुद्धा आभार मानलेस. तू बोललीस त्यातला एक शब्द चुकीचा नव्हता, मी शोधून पाहिला. तरी मला ऐकायचं होतं."

घुमीने खांद्यावरची पिशवी उतरवून बापाच्या हातात दिली. थांब्याच्या बाकासमोर, आईच्या पुढ्यात, पाठ ताठ करून उभी राहिली. "बाबा, सात मिनिटं लावा," ती म्हणाली. बापाने निमूटपणे मोबाइल काढला.

आणि मग ती विरुद्ध बाजूने बोलली. दुपारी स्वतःच रचलेला एकेक मुद्दा तिने स्वतःच उलगडला. शाळेच्या कपड्यांवर कधी सुरकुती पडू न देणारे हात, आणि त्या हातांवरचे चटके. दिवसभर उभं राहून आल्यावर पुन्हा इस्त्रीशी उभं राहून, लेकीला बोलता यावं म्हणून रोज मुद्दाम घेतलेली विरुद्ध बाजू. हरायला आल्यावर उतू जाणारं दूध. विचारायला हवं होतं हे खरं, पण विचारलं नाही म्हणून केलेलं कमी होत नाही, आणि जे झालं ते तोंडाने म्हणायलाच हवं, चारचौघांत, मोठ्याने. मी इथवर आले ती माझ्या आईमुळे. थांब्यावरची माणसं बोलायची थांबली. एक बस आली, दार उघडून उभी राहिली आणि निघून गेली, कोणी चढलं नाही. आई एका शब्दानेही मधे बोलली नाही.

मोबाइल वाजला तेव्हा घुमीचं बोलणं संपलं होतं. आईने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"दुपारी ते बोललीस, आता हे," ती म्हणाली. "दोन्ही तेवढ्याच जोरात. तुम्हा लोकांचं काय, चिठ्ठी येईल तसं बोलता. मी खरं काय मानू?"

"आता चिठ्ठी कुठे होती?" घुमी म्हणाली. "ही बाजू मी निवडली, आई."